मदत हवी आहे : १३बी रोटरी इंजिनावर टेकऑफपुरता नायट्रस

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये घरी बांधलेल्या विमानासाठीचं माझदा १३बी इंजिन सध्या फक्त स्टँडवर चालवतोय. परवानग्या बाकी आहेत, त्यामुळे उड्डाणाचा विषय नाही. बेळगाव २,५०० फुटांच्या आसपास, त्यात एप्रिलची गरम हवा. टेकऑफला ताकद कमी पडणार हे उघड आहे. टर्बोला काउलिंगखाली जागाच नाही. म्हणून नायट्रस (जादा ऑक्सिजन पुरवून थोडा वेळ ताकद वाढवणारा वायू), तोही वेट किटने, म्हणजे सोबत जादा पेट्रोल सोडणाऱ्या; सगळ्यात लहान जेट. थंड प्लग लावलेत, पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतोय. धास्ती डिटोनेशनची (मिश्रण स्फोटासारखं एकदम पेटण्याची): ॲपेक्स सील, म्हणजे त्रिकोणी रोटरच्या टोकावरची पट्टी, तडकलं की तुकडे हाउसिंग खरवडतात. बाटली उन्हात तापली की दाब चढतो, नायट्रस जास्त जातो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. (बाटलीवर ओलं गोणपाट टाका, हा सल्ला आधीच मिळालाय!)

नायट्रस चालू असताना लीडिंग आणि ट्रेलिंग (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांचे) दोन्ही स्पार्क सारखेच मागे घ्यायचे, म्हणजे उशिरा पाडायचे का? आणि पेट्रोलचा दाब पडताच नायट्रस तोडणारा स्विच पेट्रोलच्या दाबाच्या रेग्युलेटरच्या आधी बसवायचा की नंतर?