मदत हवी आहे: गरोदरपणात केराटोकोनस वाढतो का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. कॉलेजात असताना तिला केराटोकोनस निघाला. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो, तो आजार. सेमी-सॉफ्ट लेन्सवर छान चाललं होतं, नंबर बरीच वर्षं जागचा हलला नव्हता. आता सातवा महिना, बाळंतपणाला खानापूरला आलीय. मराठी शाळेत शिकलेलो आम्ही, बसच्या कन्नड पाट्या तशाही अक्षर लावत वाचतो. आता तिला प्रत्येक अक्षराखाली दुसरं पुसट अक्षर दिसतं. लेन्स घातली की डोळा लाल, की परत डबीत. आणि चोळणं! कितीही ओरडा, हात जातोच.

आई म्हणते, पोटुशीला असं होतंच, बाळंत झाली की उतरेल. चष्मेवाल्याचंही तेच. वाचलं तर त्यात तथ्य आहे: कॉर्नियाच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर (त्यांना पकडणाऱ्या जागा) असतात, या दिवसांत तो पाणी धरतो, किंचित जाड होतो, वळण बदलतं, नंतर पूर्ववत होतो. पण हे निरोगी डोळ्याचं. मुळात जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, हिची त्याहून कमी. ती आणखी सैल पडली तर?

टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराची तपासणी) आत्ता करावी की नंतर? बेळगाव, हुबळी की मिरज? लांबचा प्रवास तिला सोसवत नाही.

प्रतिसाद १:
ताई, आत्ताच करा. टोपोग्राफीत नुसत्या प्रकाशाने कॉर्नियाचा नकाशा काढतात, एक्स-रे नसतो. जुना रिपोर्ट न्या, तुलना त्याच्याशीच होणार. गरोदरपणात केराटोकोनस वाढू शकतो आणि वाढलेला आपोआप उतरत नाही. क्रॉसलिंकिंग (कॉर्निया घट्ट करायचा उपचार) सहसा बाळंतपणानंतरच करतात, तोवर लेन्स बदलून निभावता येतं. चोळणं आजच बंद. खाजेसाठी मेडिकलमधून स्वतःच स्टेरॉइडचे थेंब आणू नका. एका डोळ्यापुढे अचानक पांढरं धुकं येऊन दुखायला, पाणी गळायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

बीपी बघितलंय का? या महिन्यात अंधुक दिसणं, डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं असेल तर बाळंतपणाचे डॉक्टर आधी, डोळ्याचे मागाहून. बाकी तपासणी बेळगावातच होते, हुबळी कशाला?

धागाकर्ती:
बीपी परवाच बघितलं, नॉर्मल आहे. डोकं दुखत नाही. जुना रिपोर्ट सासरी निपाणीला राहिलाय, तिच्या नवऱ्याला आजच फोटो पाठवायला सांगते. बेळगावला कॉर्नियाचं खास बघणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.