ओळखीच्या माणसावरून घडवलेले बोलके पात्र: नाव बदलले म्हणजे पुरते का?

प्रश्न: आळीकर

स्वतः पात्रे घडवून त्यांच्याशी गप्पा मारता येतात अशा एका ॲपवर मी वर्षभरात तीन मराठी पात्रे तयार केली: गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला तळीराम, पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा आणि आमच्या आळीतल्या किराणा दुकानदारांवरून बेतलेले एक काका. काकांचे नाव मी बदलले होते. परंतु पात्राचे चित्र त्यांच्याच छायाचित्रावरून तयार केले होते, आणि पुडीचा दोरा बोटाभोवती दोनदा गुंडाळून तोडण्याची त्यांची लकब, तसेच गूळ तोलून झाल्यावर वर एक खडा ठेवत “हा लेकराचा” म्हणणे, हे सारे वर्णनात जसेच्या तसे लिहिले होते. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीने मला दुकानात बोलावून फोनवरचे एक संभाषण दाखवले. कोणीतरी उधारीविषयी विचारल्यावर त्या पात्राने आळीतल्या गिऱ्हाइकांबद्दल अतिशय कडवट विधाने केली होती. काका माझ्याशी काही बोलले नाहीत, वजने पुसत राहिले. मी या पात्रांतून एक रुपयाही मिळवलेला नाही. तरीही माझे कुठे चुकले आणि उरलेली दोन पात्रे ठेवता येतील का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: विधिवाचक

आधी पुस्तकांतल्या दोन पात्रांविषयी लिहितो, कारण तिथे कायदा बराच स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे टिकतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे तळीराम आता सर्वांचा आहे. मात्र रंगभूमीवर तो साकारणाऱ्या एखाद्या नटाचा चेहरा किंवा आवाज त्याला देऊ नका. पु. ल. जून २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत आहे.

रत्नागिरीचा तिरकस बोलणारा म्हातारा ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितले आहे. परंतु अंतू बर्वा हे नाव, त्याची वाक्ये आणि त्याचा सारा स्वभाव उचलला, की ती नुसती कल्पना राहत नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडे या पात्राच्या विशिष्ट चित्रणाला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते, असे प्रथमदर्शनी मत नोंदवले होते. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करण्याची मुभा आहे, पण अख्खे पात्र चालवणे त्या मुभेत बसत नाही, आणि पैसे न घेतल्याने परवानगीची गरज संपत नाही. अंतू बर्वा काढून टाकावा, असे माझे मत आहे.

उत्तर: ध्वनिमुद्रित

मी जाहिरातींना आवाज देतो. एका ठिकाणी एका जाहिरातीपुरता दिलेला माझा आवाज पुढे संगणकाने तयार केलेल्या, मी कधीही न उच्चारलेल्या वाक्यांसाठी वापरला गेला. ते ऐकताना जो विटाळ वाटला, तो पैशांच्या हिशेबात मांडता येत नाही, म्हणून काकांचे गप्प राहणे मला समजते. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्या साधनांना अंतरिम मनाई केली, तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना धीर आला.

उत्तर: सह्याद्रीवासी

काकांचा प्रश्न कॉपीराइटचा नाहीच. माणसाच्या चेहऱ्यावर किंवा लकबीवर कॉपीराइट नसतो. छायाचित्रावर असतो, आणि तोही बहुधा ते काढणाऱ्याचा. इथे लागू होतात ते व्यक्तिमत्त्वाचे (म्हणजे आपले नाव, चेहरा, आवाज, लकब कोणी वापरावी यावरचे) आणि खासगीपणाचे हक्क. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे ‘झकास’ आणि २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांचे ‘भिडू’ विचारात घेऊन अंतरिम संरक्षण दिले. श्रॉफ यांच्या प्रकरणात त्यांच्या रूपाने गप्पा मारणारा एक चॅटबॉटही होता. हे दोघे प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या नावाला बाजारात किंमत आहे. किराणा दुकानदाराला ती नसेल, पण खासगीपणाचा हक्क त्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात ‘एकटे राहू देण्याचा’ हक्क मान्य केला आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. शिवाय लोकांनी माणूस ओळखला आणि त्याच्या तोंडी बदनामीकारक विधान गेले, तर नुसते नाव बदलल्याने किंवा ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असे लिहिल्याने बचाव होईलच, असे नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही काकांवर व्यक्तिचित्र लिहिले असते, तर प्रत्येक वाक्य तुमचे असते, ते छापण्याआधी त्यांना वाचून दाखवता आले असते आणि शेवटच्या ओळीनंतर ते थांबले असते. बोलके पात्र थांबत नाही. त्याला परका माणूस काहीही विचारतो आणि ते काकांचा चेहरा लावून नवे उत्तर देते. म्हणून इथे संमती घ्यायची, तर केवळ चित्रापुरती घेऊन भागत नाही. हे पात्र तुम्ही न बोललेलेही बोलेल, हे त्यांना समजावून सांगून, ती लेखी घ्यावी लागते. काकांनी होकार दिला असता का, हे तुम्हीच स्वतःला विचारा.

आळीकर

अंतू बर्वा आणि काकांचे पात्र, दोन्ही काल काढून टाकली आणि छायाचित्रही हटवण्याची विनंती ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केली. संध्याकाळी दुकानात जाऊन काकांची क्षमा मागितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “ज्यांनी ते वाचलं, त्यांना आता कोण सांगणार?” त्यामुळे आळीच्या ज्या गटात मी त्या पात्राचा दुवा दिला होता, तिथेच आज सकाळी लिहिले की, उधारीविषयीचा एकही शब्द काकांचा नव्हता, आणि खाली माझे पूर्ण नाव घातले.