छोट्या दुकानदारावरचे नियम कमी करावेत का?

चिवडेवाला_कराड:
चिवडा-शेव बनवतो, सहा माणसं कामाला. फूड लायसन्स, गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, व्यवसाय कर, वर्षाला काट्याचं पासिंग आणि जीएसटी. प्रत्येक ठिकाणी तोच पत्ता, तेच आधार, तेच पॅन, पण पोर्टल वेगळं आणि पासवर्ड वेगळा. वडील दवाखान्यात होते तेव्हा माझं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं महिन्याचं रिटर्न, उशिरा गेलं. दंड दिवसाला ५० रुपये, तो भरला. पण माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्या महिन्यात क्रेडिट (मला दिलेल्या जीएसटीची वजावट) दिसलं नाही, म्हणून त्याने माझं पूर्ण बिल अडवलं. पगार उसने घेऊन केले. मोठ्या कंपनीत या कामाला वेगळी माणसं असतात. माझ्याकडे रात्री भट्टी विझवल्यावर मीच असतो. दहा-वीस माणसांच्या आतल्या धंद्याला यातून सोडवा, एवढंच मागणं आहे.

दुपारपाळी:
दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण "सोडवा" म्हणता तेव्हा सुटतं कोण, ते बघा. माझी आई कापड दुकानात २२ वर्षं उभी होती. १९४८ च्या दुकान कायद्यात एक नोकर असला तरी आठवड्याची सुट्टी द्यावी लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहा कामगारांच्या आतली दुकानं वगळली, त्यांनी फक्त नोंद कळवायची. २०२५ मध्ये सरकारने ती मर्यादा २० वर नेली. म्हणजे दुकानात १९ जणी असल्या तरी त्यांच्या सुट्टीची आणि ओव्हरटाइमची हमी या कायद्यातून गेली. आईच्या दुकानात दहावी बाई कधी हजेरीपटावर आलीच नाही, कामावर मात्र रोज यायची.
आणि डिसेंबर २०१७ मधलं मुंबईतलं साकीनाका विसरू नका. तुमच्यासारखंच फरसाणाचं दुकान होतं. आगीत १२ कामगार गेले.

खातेवही:
हिशेबाचं काम करतो. पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर जानेवारी २०२१ पासून जीएसटीचं रिटर्न तिमाही भरता येतं. मधल्या महिन्यांची बिलं वेगळी चढवायची सोयही आहे, म्हणजे व्यापाऱ्याचं क्रेडिट अडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

चिवडेवाला_कराड:
@दुपारपाळी ताई, साकीनाक्याचं वाचून हात थांबला. माझ्या भट्टीशेजारीही चार सिलिंडर असतात. खरं सांगतो, इतक्या वर्षांत जे साहेब आले त्यांनी रजिस्टर मागितलं. सिलिंडर कुठे ठेवलेत, मागचं दार उघडतं का, हे एकानेही पाहिलं नाही. "माणसं दहा-वीसच्या आत म्हणून सोडवा" हे मी मागे घेतो. सुट्टी माझ्याकडे आहे, ती कायद्यात असली तरी माझं काही बिघडत नाही. पण माहिती एकदाच घ्या, सगळ्या खात्यांना एकच नंबर चालू द्या, आणि पहिल्या चुकीला दंडाआधी पत्र पाठवा.

दुपारपाळी:
एका नंबराला माझा विरोध नाही. पत्राला आहे. पगार थकवला किंवा दार बंद ठेवलं, तर पहिल्याच वेळी दंड हवा. कागद उशिरा आला तर खुशाल पत्र पाठवा. या दोन चुका कायद्यात वेगळ्या लिहिल्या, तर मी तुमच्या बाजूने सही करीन.

चिवडेवाला_कराड:
मान्य. मागच्या दारासमोर तेलाचे डबे रचलेत, ते आत्ता हलवायला निघालोय.