खोडदला फायबर पुरतं, मग दूरच्या दुर्बिणींना हायड्रोजन मेसर कशाला?

प्रश्न: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या सुमारे २५ किमीत पसरल्यात, ऑप्टिकल फायबरने जोडल्यात. वेगवेगळ्या खंडांवरच्या दुर्बिणी जोडताना हायड्रोजन मेसरच (अतिशय स्थिर अणुघड्याळ) लागतं, रुबिडियम अणुघड्याळ आणि जीपीएस का चालत नाही?

प्रतिसाद १: खोडदला सगळ्यांना एकाच घड्याळाचा संदर्भ मिळतो, दूर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने (जगभरच्या रेडिओ दुर्बिणींचं जाळं) २०१७ मध्ये २३० गिगाहर्ट्झला निरीक्षण केलं. तिथे एक आवर्तन ४.३ पिकोसेकंदांचं. रुबिडियम १० सेकंदांत साधारण १० पिकोसेकंद भरकटतं, म्हणजे फेज (लहरीची आवर्तनातली स्थिती) दोन फेऱ्या फिरते आणि सरासरीत सिग्नलच पुसला जातो. जीपीएसची चूक तर नॅनोसेकंदांत. त्याचा उपयोग मेसरच्या वेळेचा जीपीएसशी असलेला ढोबळ फरक नोंदण्यापुरता.

प्रतिसाद २: १.४ गिगाहर्ट्झला, थोड्या सेकंदांच्या सरासरीसाठी, चांगलं रुबिडियम चालून जातं. सुरुवात ३सी २७९ सारख्या तेजस्वी क्वेसारने (दूरच्या आकाशगंगेचं झगझगीत केंद्र) करा. कोरिलेटरमध्ये (दुर्बिणींचे सिग्नल एकमेकांशी जुळवणारा संगणक) दोन सिग्नलमधला विलंब आणि तो बदलण्याचा दर, दोन्ही शोधा. फ्रिंज (सिग्नल जुळल्याची खूण) नाहीच दिसली तर अँटेनाच्या जागेचे निर्देशांक तपासा. डावं-उजवं ध्रुवीकरण उलट जोडलं गेलं असेल तर फ्रिंज क्रॉस जोडीत (एकीचं डावं, दुसरीचं उजवं) सापडते. हे हमखास राहून जातं.

प्रतिसाद ३: साठवणही मोजा. २०१७च्या त्या निरीक्षणात एका दुर्बिणीचे ३२ गिगाबिट प्रतिसेकंद म्हणजे ताशी १४ टेराबाइट. म्हणून डिस्क विमानाने नेतात. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर हिवाळा सरेपर्यंत तिथेच अडकल्या होत्या.