विश्रामबागवाडा : मूळ किती आणि दुरुस्ती कशी?

प्रश्न : पुण्याचा विश्रामबागवाडा आज आपण पाहतो, त्यातले पेशवेकालीन बांधकाम किती उरले आहे? आणि दुरुस्ती सिमेंटने का करू नये?

उत्तर १ : दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वाडा निवासासाठी बांधला. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर, 1821 मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि पुढेही वाडा सार्वजनिक कामांसाठी वापरात राहिला. तो टिकला याचे मोठे श्रेय माझ्या मते या सततच्या वापराला आहे. 1879 च्या आगीत पुण्यातलाच दुसरा पेशवेकालीन वाडा, बुधवारवाडा, नष्ट झाला आणि याही वाड्याचा काही भाग जळाला, त्यामुळे सगळे काम एकाच काळातले मानू नये. दर्शनी भागातील सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब मात्र जवळून अवश्य पाहावेत.

उत्तर २ : सिमेंटविषयी. जुन्या विटांच्या भिंतीत मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते; सिमेंटचा थर ती अडवतो, मग भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजतात आणि वाळवी लागते. वरून भिंत गुळगुळीत दिसत असतानाच आतले लाकूड पोकळ होत जाते, म्हणून हे नुकसान उशिरा कळते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्या पेठेतल्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी चुन्याचे काम जाणणारे गवंडी कसे पारखावेत?

उत्तर २ : चुना किती दिवस भिजवणार आणि कशात मळणार, हे आधी विचारा. नंतर भिंतीच्या एका कोपऱ्यावर नमुना करून घ्या आणि तो एक पावसाळा पाहा.