बजेट गेमिंग पीसी: प्रोसेसरवर जास्त खर्च करू की ग्राफिक्स कार्डवर?

फ्रेमवेडा:
नवीन पीसी जुळवतोय. बजेट ठरलेलं आहे, वाढणार नाही. दोन पर्याय (आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड) साधारण तेवढ्याच पैशांत बसतात.
अ) रायझन ७ ५७००एक्स + आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी
ब) रायझन ५ ५५०० + आरएक्स ६६०० ८ जीबी
मदरबोर्ड बी४५०, रॅम १६ जीबीची एकच स्टिक, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. निम्मा वेळ व्हॅलोरंट खेळतो, निम्मा वेळ सायबरपंक. प्रोसेसर नंतर बदलणं अवघड, म्हणून आत्ताच मोठा घ्यावा असं वाटतंय. बरोबर आहे का?

तिसरास्लॉट:
ब घ्या, डोळे झाकून. बी४५० सारख्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवर प्रोसेसर बदलणं उलट सोपं आहे: बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, जुना काढा, थर्मल पेस्ट लावा, नवा बसवा. बाकी काही हलवावं लागत नाही.

अ मधली खरी अडचण कार्डात आहे. ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या (कार्ड बोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त ४ लेन आहेत आणि बी४५० चालतो त्याच्या ३.० आवृत्तीवर, म्हणजे ४.० च्या निम्माच वेग. सायबरपंकमध्ये ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) रॅममधून, त्याच अरुंद वाटेने आणावी लागतात. गाडी वळवताना गेम अडखळतो तो इथेच, आणि तिथे ८ कोरचा प्रोसेसर काहीही करू शकत नाही. ६६०० ला ८ लेन आणि ८ जीबी आहेत, त्यामुळे ३.० वर तिचं फारसं बिघडत नाही. शिवाय ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग दाबून साठवणारा भाग) नाहीच. गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

कॅशलाइन:
कार्डाबद्दल सहमत, ५५०० बद्दल नाही. व्हॅलोरंट १०८०पी वर प्रोसेसरच्या जिवावर चालतो. १४४ हर्ट्झसाठी प्रत्येक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. ५५०० ची सरासरी त्यात बसेल, पण स्मोक आणि अ‍ॅबिलिटी एकदम पडल्या की फ्रेम घसरतात. ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ला ३२. कोर दोन्हींत ६ च, फरक पडतो तो या कॅशचा. कॅबिनेटचे दिवे यादीत असतील तर काढा, ५६०० घ्या. तिच्या बॉक्समध्ये कूलर येतो, ५७००एक्सच्या येत नाही. अ चा तो खर्च तुम्ही धरलेलाच दिसत नाही.

एक्सएमपी_चालू:
एकच स्टिक नको! ८-८ जीबीच्या दोन घ्या, ३२०० वेगाच्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम २१३३ किंवा २४०० वरच राहते. टास्क मॅनेजरमध्ये वेग दिसतो, एकदा बघून घ्या. एका स्टिकवर बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) निम्मी होते आणि दोष मात्र प्रोसेसरला लागतो.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. ६६०० साधारण १३२ वॉट घेते, चांगला ५५० वॉटचा सप्लाय पुरतो.

फ्रेमवेडा:
मग ५६०० + ६६००, दोन स्टिक. जुळवल्यावर कोण अडवतंय हे ओळखायचं कसं?

तिसरास्लॉट:
आधी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम, त्याची) मर्यादा बंद करा. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, सेटिंग्ज कमी करा. ७० च्या आसपास रेंगाळत असेल तर प्रोसेसर अडवतोय. खात्रीसाठी १०८० वरून ७२० वर या. एफपीएस जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसरच.

सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) एकूण टक्क्यांवर जाऊ नका. ५६०० चे १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत, त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम ८ दाखवतो. म्हणून ४० टक्के दिसत असतानाही गेम प्रोसेसरपाशी अडकलेला असू शकतो. प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा लावा.

सायबरपंकमध्ये प्रोसेसर अडला तर क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी करा, टेक्श्चरला हात लावू नका.

कॅशलाइन:
आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, स्क्रीन काळीच राहील. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडा, बऱ्याचदा ते ६० वरच असतं.