तात्पुरते ईमेल पत्ते : आपला अनुभव सांगा

साधी माहितीपुस्तिका उतरवून घ्यायची असली तरी ईमेल पत्ता दिल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि तो दिला की जाहिरातींचा रतीब सुरू होतो. यावर उपाय म्हणून तात्पुरते किंवा टोपण पत्ते आपण कसे वापरता आणि ते कुठे अपुरे पडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

वास्तुविशारद, नाशिक
फरशा आणि नळांचे कॅटलॉग मागवताना मी टेन मिनिट मेलचा पत्ता देते. कॅटलॉगचा दुवा येतो, थोड्या वेळाने पत्ताच संपतो आणि विषय मिटतो.

सॉफ्टवेअर चाचणी, पुणे
मेलिनेटर ही सेवा 2003 पासून आहे आणि चाचणीच्या कामात मला ती रोज लागते. परंतु तिच्या सार्वजनिक पेट्यांना पासवर्ड नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘टेस्ट’सारखे सोपे नाव टाइप केले, की त्या पेटीत आलेली सर्व पत्रे कोणालाही वाचता येतात, मग त्यात एखाद्याचा ओटीपी असो वा पासवर्ड बदलण्याचा दुवा. म्हणून तिकीट, तपासणीचा अहवाल किंवा पैशांचा व्यवहार अशा पत्त्यावर मुळीच मागवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

बँक कर्मचारी, कोल्हापूर
मी जीमेलमध्येच ‘ॲट’ चिन्हाच्या आधी अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे दुकानाचे नाव जोडतो; पत्र माझ्याच पेटीत येते. एका फर्निचरच्या दुकानाला दिलेल्या अशा पत्त्यावर वैयक्तिक कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, तेव्हा पत्ता कुठून फुटला याबद्दल शंका उरली नाही. मात्र काही अर्ज हे चिन्ह स्वीकारत नाहीत, आणि तेवढा भाग गाळला की मूळ पत्ता उघड होतोच.

शिक्षिका, ठाणे
माझ्या भाचीने शुल्क भरलेल्या एका अभ्यासक्रमाची नोंदणी तात्पुरत्या पत्त्यावर केली होती. पुढे ती पासवर्ड विसरली, नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्या संपलेल्या पत्त्यावर गेला आणि खाते कायमचे हातचे गेले. तेव्हापासून आम्ही दोघी फायरफॉक्स रिले वापरतो. त्यात 5 टोपण पत्ते विनामूल्य मिळतात, आलेले पत्र आपल्या खऱ्या पेटीत पोहोचते आणि त्रास होऊ लागला तर तेवढाच पत्ता बंद करता येतो. फक्त तो पत्ता पुसून टाकण्यापूर्वी त्यावर कोणते खाते उघडले आहे, हे तपासावे.